रविताचं पाठमोरं कासव

पिपरटोल्याच्या रविता रहांगडालेच्या नाकावर राग असतो, असं म्हणणं म्हणजे बाईला कमी लेखणं झालं. नाकावर, कानावर, हातातल्या विळ्यावर, सगळीकडे असतो. खोटं वाटत असेल तर सडक अर्जुनीच्या बसस्टँडवर कोणाही कंडक्टरला विचारा. एकदा एकानं टोल्याच्या फाट्यावर गाडी थांबवली नाही, सरळ पुढे दामटली. दुसऱ्या दिवशी ही बाई डांबरी रस्त्याच्या मधोमध टोपली ठेवून बसली. "कालची माफी मांगा, मंग गाडी काढा." मागे ट्रकांची ही लांब रांग. कंडक्टरनं माफी मागितली. तेव्हापासून फाट्यावर गाडी थांबते, उतरणारं कोणी नसलं तरी थांबते.

नवरा दुर्गेश नागपूर-रायपूर हायवेवर ट्रक चालवतो आणि महिन्यातले वीस दिवस ढाब्यावर जेवतो. सोबतचे ड्रायव्हर त्याला चिडवतात, "बायकोच्या भेवानं घरी जात नाही का बे?" तो बिचारा शांतपणे सांगतो, "तिचा राग खरा असते बाप्पा. खोटा असता तं भेव वाटलं नसतं."

हे अगदी बरोबर आहे. रविता उगाच चिडत नाही. चिडते तेव्हा आरडाओरडा करते, चार गोष्टी सुनावते आणि घरी येऊन भात रांधते. पण जुलै महिन्यातल्या त्या गुरुवारी, फुलचूरच्या कम्प्युटर सेंटरच्या भिंतीवर चिकटवलेला कागद वाचताना, तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. कागदावर तिचं नाव होतं, नावापुढे शून्य होतं आणि शून्याखाली लाल शाईनं लिहिलं होतं: आदेशपद्धत चुकीची.

आता हे शून्य कुठून आलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

रविता बारावी शिकलेली. गणितात तिचा वर्गात कोणी हात धरत नव्हतं. बापानं बारावीनंतर लग्न लावून दिलं, आणि भूमितीची वही माहेरच्या पाटईच्या माळ्यावर राहिली ती राहिलीच. सासरी दोन एकर धानाची बांधी, तीन एकर ठेक्यानं, आणि सासू देवकाबाई. देवकाबाई म्हणजे रोवण्याच्या, भातलावणीच्या, बायांची म्होरकी. कमरेत वाकून सकाळी जी रोवायला लागते ती दुपारीच ताठ होते, आणि रांग अशी सरळ की दोरी लावून पाहा. पोवारांच्या लग्नात कणकेचा चौक, पिठाची रांगोळी, भरायलाही तीन गावांतून तिलाच बोलावणं येतं. सुनेला हे दोन्ही तिनंच शिकवलं, आणि शिकवताना बोलणीही भरपूर दिली.

मागच्या हिवाळ्यात एका संस्थेनं टोल्याच्या शाळेत पाच कम्प्युटर आणून ठेवले. खोक्यांतच. खोलीला कुलूप. अट अशी की गावातल्याच एका बाईनं आधी शिकायचं, फुलचूरला परीक्षा द्यायची, पास झाली की खोलीची किल्ली तिच्या हातात. मग तिनं गावातल्या पोरांना शिकवायचं. संगणक ताई म्हणायचं तिला. आणि गावातून कोणीच पास झालं नाही, तर खोकी उचलून कुडव्याला. कुडव्याला! जिथं गल्लोगल्ली कम्प्युटरचे क्लास आहेत आणि पोरं स्कूटीवर बसून गोंदियात शिकायला जातात, तिथं. पिपरटोल्याच्या पोरांनी मात्र खोक्यांवरची चित्रं खिडकीतून पाहायची. हा नियम ज्यानं काढला त्याला एकदा रोवण्याच्या चिखलात उभं करायला पाहिजे, पण ते असो.

शिकवायला हर्षा मॅडम सडक अर्जुनीला यायच्या, आठवड्यातून दोनदा. पंचविशीतली पोरगी, बोलायला गोड, पण कोणी मोठा माणूस खोलीत आला की आवाज बारीक करणारी. पिपरटोल्याच्या नऊ बायांनी नाव घातलं. होळीपर्यंत आठ गळल्या. कोणाचा नवरा म्हणाला नको, कोणाची म्हैस व्याली. एकटी रविता उरली.

शिकायचं काय, तर पडद्यावर एक लहानसं कासव. त्याच्या शेपटीला पेन बांधलाय असं समजायचं. आपण मराठीत आदेश लिहायचे: पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे. कासव चालतं आणि मागे रेघ उमटते. पहिल्या दिवशी मॅडमनी लिहिलं, पुढे 100, उजवीकडे 90, आणि हे चार वेळा कर. कासव चार वेळा चाललं, चार वेळा वळलं, आणि चौकोन तयार.

"एवढंच?" रविता म्हणाली.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

रविताच्या अंगावर काटा आला. वीस वर्षांपूर्वीची भूमिती अशी समोर येऊन चालेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या दिवशी ती बसमध्ये एकटीच हसत होती, आणि तिला ओळखणारे लोक घाबरून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

पुढच्या वेळी मॅडमनी घर काढायला सांगितलं. बाकीच्या गावांच्या बाया पडद्याकडे पाहत बसल्या. रविता खुर्चीवरून उठली, फरशीवर उभी राहिली, आणि एक-एक पाऊल टाकत भिंत चालली, वळली, दुसरी भिंत चालली. मग बसली आणि लिहिलं. पहिली ओळ: उजवीकडे 180. कासवानं गर्रकन पाठ फिरवली. दुसरी ओळ: मागे 100.

"अहो ताई, कासव उलटं काय चालवताय?" मॅडमनी विचारलं.

"उलटं कुठं मॅडम? बराबर तं चालून राह्यलं."

घर आलं. चारी भिंती सरळ. छपराच्या वेळी मात्र घोटाळा झाला. त्रिकोणाचा कोन साठचा म्हणून तिनं साठ वळवलं, आणि छप्पर मिटायचं सोडून भलतीकडेच पसरलं. तीन दिवस ती कासवावर रुसली होती. चौथ्या दिवशी शेताच्या तिकोनी कोपऱ्यावरून धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, फिरता फिरता तिच्या लक्षात आलं की वळताना आपण आतला कोन वळतच नाही, बाहेरचा वळतो. साठ नाही, एकशे वीस! ती शेतातच ओरडली. देवकाबाईला वाटलं साप निघाला.

मॅडमनी छप्पर पाहिलं, हसल्या. "चित्र आलं ना, बस," म्हणाल्या, आणि पुढच्या बाईकडे वळल्या. मागे-पुढेचा विषय तिथंच संपला.

रविता कासव मागे का चालवायची, हे पिपरटोल्यात कोणाला विचारायची गरज नाही. रोवताना बाई मागेच सरकते. परहं, म्हणजे भाताचं रोप, डाव्या हातात, उजव्यानं चिखलात खोचायचं, आणि एक पाऊल मागे. रोवलेलं सगळं डोळ्यासमोर. रांग वाकडी झाली तर लगेच दिसते. पुढे चालाल तर आत्ताच लावलेलं परहं पायाखाली. चौकाचंही तेच. कणिक चिमटीत धरून बाई उकिडवी बसते आणि मागे सरकत चौक भरते, नाहीतर तिचं स्वतःचंच लुगडं चौकावरून फिरायचं. काही काढायचं म्हणजे त्याच्याकडे तोंड करून मागे मागे जायचं, हे रविताच्या पायांना वीस वर्षांपासून ठाऊक. कासवाला तिनं तेच शिकवलं.

"माय, ते कासव आपल्यावानीच रोवते," तिनं सासूला सांगितलं.

"मंग हुशार हाये," देवकाबाई म्हणाली.

परीक्षा आली ती ऐन रोवण्यात. चिखल्यांनी रविताच्या पायाच्या बोटांच्या बेचक्या सोलल्या होत्या, चप्पल घालवत नव्हती. पहिल्या बसनं गोंदिया, तिथून ऑटोनं फुलचूर. निघताना देवकाबाईनं एवढंच म्हटलं, "तुह्या वाट्याची बांधी आज मी रोवतो. पास होऊनच ये, नाही तं माही कंबर फुकट गेली समज."

पेपरात तीन चित्रं होती. एक घर, एक चांदणी, आणि एक आपल्या मनचं. प्रश्न अगदी साधा: कासवाकडून पुढील चित्र काढून घ्या. बस. कसं काढून घ्या, याबद्दल एक अक्षर नाही, हे लक्षात ठेवा. रवितानं तिन्हीची सुरुवात तशीच केली, उजवीकडे 180, आणि मग मागे, मागे, मागे. मनाच्या चित्रात तिनं बांधी काढली. चार धुरे, आत बारा रांगा, दर रांगेत वीस परही, सगळी सारख्या अंतरावर. हे करायला आदेशाच्या पोटात आदेश घालावा लागतो, आणि ते त्या खोलीत दुसऱ्या कोणालाही जमलं नाही. शेवटी तिनं कासव लपव हा आदेश दिला, म्हणजे चित्रात कासवाची लुडबुड नको. वेळेच्या आधी अर्धा तास तिचं झालं. ती हाताची घडी घालून बसली. खोटं कशाला सांगू, जरा ऐटीतच बसली.

आणि दोन वाजता भिंतीवर ते शून्य.

तिच्या शेजारी कुडव्याची एक पोरगी उभी होती. तिच्या चांदणीला पाचाऐवजी सहा पाय निघाले होते, आणि तिला सहा गुण होते. पोरगीलाही ते विचित्र वाटलं असावं. ती हळूच म्हणाली, "दीदी, आपका तो सब सही था ना?"

रविता सरळ आतल्या खोलीत गेली. तिथं भुवनेश्वर सर बसले होते. परीक्षक. इस्त्रीचा शर्ट, समोर चहा, हाताखाली छापील उत्तरतालिका. कोपऱ्यात हर्षा मॅडम उभ्या होत्या, भिंतीला चिकटून.

"सर, माह्या चित्रात काय चुकलं?"

"नाव?"

"रविता रहांगडाले. पिपरटोला."

सरांनी कागद शोधला. "हां. देखो ताई, तुम्ही कासव पूर्ण वेळ मागे चालवलंय. तालिकेत पुढे आहे. पुढे 100, उजवीकडे 90. तुमची चालायची एकही ओळ जुळत नाही."

"ओळ नाही जुळत. चित्र जुळते का नाही?"

"चित्राचा प्रश्न नाही. पद्धतीचा आहे. कासव कधी मागे चालतं का? निसर्गात पाहिलंय?"

"निसर्गात कासवाच्या शेपटाले पेन बांधला असते का?"

दारात जमलेल्या बायांमधून कोणीतरी फिसकन हसलं. सरांचा चहाचा कप वरच्या वर थांबला.

"मागे चालवायचाच नाही तं मशीनीत 'मागे' ठेवला कायले?" रविता म्हणाली. आवाज अजून चढला नव्हता, आणि तिला ओळखणारं तिथं कोणी असतं तर हे पाहूनच पळालं असतं.

"अडचणीला ठेवलाय," सर म्हणाले. "गाडीला रिव्हर्स असतो ना, तसा. म्हणून कोणी नागपूरपर्यंत रिव्हर्समध्ये जातं का?"

"तुमी गाडीवाले. आमी रोवणारे." रवितानं टेबलावर हात ठेवला. नखांत चिखल होता, आणि तिनं तो लपवला नाही. "आमी पुढं चाललो तं आमचंच परहं आमच्याच पायाखाली येते. आमी मागंच जातो, मनून तुमच्या ताटात भात येते. अन् पेपरात कुठं लिवलं होतं का पुढंच चालवा? दाखवा मले. एक अक्षर दाखवा."

सरांनी पेपर उचलला. वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. "लिहिलं नाही. पण ते समजायला पाहिजे. नियम मतलब नियम."

"जे लिवलंच नाही ते नियम कसा काय?"

सरांनी पेपर टेबलावर ठेवला. रवितानं कोपऱ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमाले तं मालूम होतं. पाच महिने माहं कासव असंच चालून राह्यलं. एक डाव तरी बोलल्या का तुमी?"

"ताई, तालिका मी आज सकाळीच पाहिली," हर्षा मॅडम पुटपुटल्या.

"सकाळी पाहिली ना? मंग दुपारपर्यंत तोंडात मूग का धरले होते?"

मॅडमनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर रविताला सरांपेक्षा याचाच जास्त राग आला. परका माणूस चुकीचं करतो, त्याच्याशी भांडता येतं. जिनं हसून "चित्र आलं ना, बस" म्हटलं, तीच भिंतीला चिकटून उभी राहिली तर बाईनं करायचं काय? रविताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला स्वतःच्या या सवयीची फार चीड आहे. राग शिगेला पोचला की डोळे भरतात, आणि समोरच्याला वाटतं बाई रडायला लागली, आता हरली. तिनं पदरानं खसकन डोळे पुसले.

"दहा मिनटं कम्प्युटर द्या," ती म्हणाली.

"परीक्षा संपली, ताई."

"मले गुन नाही पायजे. दहा मिनटं द्या. मंग मी चालली जाईन, शब्द बोलनार नाही."

बाई बोलणार नाही, या आशेवर सरांनी मान हलवली. दहा मिनिटंही लागली नाहीत. रवितानं आपलीच बांधी उघडली. पहिली ओळ, उजवीकडे 180, खोडून टाकली. जिथं जिथं मागे होतं तिथं पुढे लिहिलं. दुसरं काही बदललं नाही. मग जुनं चित्र एका कागदावर छापलं, नवं दुसऱ्या कागदावर, दोन्ही पाठीमागे धरून अदलाबदल केली, आणि सरांच्या पुढ्यात शेजारी-शेजारी ठेवली.

"याच्यात एक मागं चाललेलं हाये, एक पुढं. शून्याचं कोनतं ते काढा."

दारातल्या बाया आत सरकल्या. कुडव्याची पोरगी टाचा उंचावून पाहू लागली. सरांनी चष्मा पुसला. एक कागद उजेडाकडे धरला, मग दुसरा. धुरे मोजले, रांगा मोजल्या. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघ रेघेवर बसली, परहं परह्यावर. केसाइतका फरक नाही.

"दोन्ही सारखीच आहेत," शेवटी ते म्हणाले.

"मंग शून्य कोनाले देल्ला?" आता मात्र रविताचा आवाज चढला. "चित्राले तं नाही देल्ला. चित्र तुमाले वळखताबी येत नाही. शून्य मले देल्ला. माह्या चालन्याले देल्ला. मी जशी चालतो तशी चालू नोको, एवढंच मनणं हाये ना तुमचं?"

भुवनेश्वर सर खुर्चीवर येऊन बसले. ते काही राक्षस नव्हते, हेही सांगायला हवं. वरून तालिका आली, त्यांनी ओळीशी ओळ लावली, जुळली नाही, शून्य दिलं. चित्राकडे पाहायचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि न सांगितलेलं काम करायची त्यांना सवय नव्हती. असल्या माणसांनी जेवढं नुकसान करून ठेवलंय, तेवढं राक्षसांनीही केलं नसेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. लाल पेन उचलला, शून्यावर काट मारली, बाजूला तीस लिहिलं. तीसपैकी तीस. सही केली. ड्रॉवरमधून एक किल्ली काढली, तिला सुतळीनं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला होता, पुठ्ठ्यावर पिपरटोला लिहिलेलं. किल्ली टेबलावर पुढे सरकवली. "झालं समाधान? आता मनात राग ठेवू नका. आणि माझ्याबद्दल गैरसमज पण नको. तुमच्या एकट्यांवर मी काही डूख धरला नव्हता. मागच्या तुकडीतल्या बायांनी पण हेच केलं होतं. मी सगळ्यांना सारखंच शून्य दिलं. हर्षा, तो एप्रिलचा गठ्ठा दाखव यांना."

स्वतःच्या तोंडानं आपण काय सांगून बसलो, हे त्यांना कळलंही नाही. हर्षा मॅडमना कळलं. त्यांनी कपाटातून गठ्ठा आणला, आणि तो सरांकडे न देता सरळ रविताच्या हातात दिला.

अकरा कागद होते. रवितानं पहिला पाहिला. पहिली ओळ: उजवीकडे 180. दुसरा: डावीकडे 180. तिसरा: उजवीकडे 180. चिचटोला, परसटोला, मोहटोला, पुन्हा चिचटोला. एकजात रोवण्याच्या गावांच्या बाया. कोणी कोणाचं पाहून लिहिलेलं नाही, आणि अकरा जणींनी कासवाला पाठ फिरवायला लावून मागे चालवलं होतं. घरं बरोबर. चांदण्या बरोबर. एकीनं मनाच्या चित्रात चुलीवरची हंडी काढली होती, आणि हंडीवरून वाफेच्या तीन वळणदार रेघा. गोल रेघ कासवाकडून काढून घेणं किती कठीण असतं ते रविताला ठाऊक होतं. त्या हंडीच्या खाली नाव होतं रुख्मा पटले, चिचटोला. नावापुढे शून्य.

या रुख्माला रविता ओळखत होती. मे महिन्यात एका लग्नात दोघी पंगतीत वाढायला शेजारी होत्या. कम्प्युटरचा विषय निघाला तेव्हा रुख्मा हसून म्हणाली होती, "माह्या डोस्क्यात भुसा हाये बाई. ते काम आपलं नाही. नवरा मनतेच, म्हशी राख." आणि वरणाची बादली उचलून पुढे गेली होती. रवितालाही तेव्हा वाटलं होतं, नसेल जमलं बिचारीला.

नसेल जमलं! तो कागद हातात धरून रविताला आता स्वतःच्या त्या विचाराचीही चीड आली. अकरा जणी भिंतीवरचं शून्य वाचून, मान खाली घालून, बस पकडून घरी गेल्या. भांडल्या नाहीत. त्यांना वाटलं आपणच ढ. घरच्यांना वाटलं, गावाला वाटलं. आणि त्यांच्या गावांतली खोकी गाडीत भरून कुडव्याला गेली.

"चिचटोल्याचे कम्प्युटर कुठं हाये?" तिनं विचारलं.

"कुडव्याच्या सेंटरला. मेमध्येच बसवले," सर म्हणाले. "ते आता झालं गेलं. तुमचं काम झालं ना? पाच वाजता तुमची शेवटची बस असते."

"माही बस मी पाहून घेईन."

रवितानं टेबलावरची किल्ली उचलली नाही. ती पुठ्ठ्यासकट सरांकडे परत ढकलली. मग भिंतीजवळची एक खुर्ची ओढून आणली, सरांच्या बरोबर समोर ठेवली आणि बसली. सोललेले पाय चपलांतून काढून गार फरशीवर टेकवले. अकरा कागदांचा गठ्ठा तिनं लाल पेनाशेजारी ठेवला.

"सगळ्याईचे शून्य काढा," ती म्हणाली. "माह्या एकटीचा काढून मले वाटे लावू नोका. अन् कम्प्युटर ज्या गाडीनं गेले त्याच गाडीनं परत आना."

"ताई, हे माझ्या हातात नाही. वर विचारावं लागेल."

"शून्य देतानी वर विचारलं होतं का?"

सरांनी हर्षा मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी या वेळी मान खाली घातली नाही. त्या पुढे आल्या, निकालाचं रजिस्टर उघडलं, एप्रिलचं पान काढलं आणि सरांच्या समोर ठेवलं. दारातली एकही बाई घरी जायला निघाली नव्हती. कुडव्याची पोरगी तर दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली होती.

सरांनी पेन हातात घेतला. वरचा कागद ओढला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटले.

"मनातल्या मनात नोका वाचू," रविता म्हणाली. "शून्य भिंतीवर लावले होते, येनाऱ्या-जानाऱ्यानं वाचले. आता नावबी तसेच वाचा."

भुवनेश्वर सरांनी घसा खाकरला. "रुख्मा पटले. चिचटोला."

"अजून मोठ्यानं," रविता म्हणाली.